सुपारी फोडल्याचा आवाज

गेल्या माघात चुलत पुतण्याच्या मुलाचे जावळ होते. पन्हाळ्याच्या वाटेवर त्यांचा मळा आहे. तिथेच उसाच्या फडाला लागून मांडव घातला होता, आणि पाहुण्यांच्या पंगती उठून शेवटची, घरच्यांची पंगत बसायला तीन वाजून गेले होते. सकाळपासून वाढण्यात आणि उष्टी काढण्यात गेलेल्या बायकांना अशा वेळी जी भूक लागते, तिला शिष्टाचार ठाऊक नसतो. पत्रावळीवर मटण पडताच मी त्यातला मोठा तुकडा उचलला, भाकरीत धरला आणि तोंड उघडले, तोच डाव्या कानाच्या पुढ्यात कट् असा आवाज झाला. हा आवाज मला नवा नव्हता. जांभई देताना, सफरचंद चावताना तो कितीतरी वर्षे येत होता आणि तो फक्त मलाच ऐकू येतो अशी माझी पक्की समजूत होती. त्या दिवशी मात्र माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांच्या चुलतभावांनी, रश्श्याची वाटी खाली ठेवली, माझ्याकडे मान वळवली आणि विचारले, "सूनबाई, सुपारी फोडलासा काय?"

सगळी पंगत हसली. मीही हसायला गेले, पण हसण्यापुरतेही तोंड उघडेना. दोनएक मिनिटे जबडा तसाच अर्धवट अडकून राहिला, आणि मी पदराआड हात नेऊन गाल दाबत बसले. मग तो आपोआप सुटला, मी तो तुकडा पत्रावळीच्या कडेला सारला आणि पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून जेवण उरकले. घरी परतताना मला आठवत होता तो आण्णांचा प्रश्न, दुखणे नव्हे. जी गोष्ट मी माझ्या डोक्याच्या आतली, खाजगी समजत होते, ती हातभर अंतरावरच्या, कानाने जरा मंद झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू आली होती.

दुखणे त्याहून बरेच जुने होते. त्याची पहिली ठळक आठवण २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची आहे. मी ज्या पतसंस्थेत नोकरी करते, तिचे जुने दप्तर तळमजल्यावर होते. पंचगंगेचे पाणी चढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या तशा आम्ही चौघांनी मिळून रोजकीर्दी, खतावण्या, कर्जाच्या फायली असे सगळे माळ्यावर चढवले. त्या रात्री हात दुखले, कंबर दुखली, ते समजण्यासारखे होते. पण गाल का दुखावेत, हे काही कळले नाही. नंतर दर मार्चअखेरीला ते दुखणे ठरल्यासारखे येत गेले. ताळेबंद जुळेपर्यंत कानशील ठणकायचे, सकाळी उठल्यावर तोंड जड वाटायचे, आणि कानात कुणीतरी बोट घालून ठेवल्यासारखे दडे बसायचे. मी ते डोकेदुखीच्या गोळीवर निभावून नेले. आपल्याकडे बायकांची डोकेदुखी ही हवामानासारखी गोष्ट असते. तिची नोंद कुणी ठेवत नाही, त्या स्वतःही नाही.

कान दुखतो म्हणून मी आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात पाहून तो अगदी स्वच्छ असल्याचे सांगितले, तेव्हा मला आनंदाऐवजी अपमान झाल्यासारखे वाटले. मग दाढ दुखते असे ठरले. एका दंतवैद्यांनी क्ष-किरण फोटोत तिरकी अक्कलदाढ दाखवली आणि तीच या साऱ्याचे मूळ असल्याचे सांगितले. ती काढली, चार दिवस गाल सुजला, उतरला. अक्कलदाढ गेली आणि दुखणे राहिले. त्या दंतवैद्यांवर माझा राग नाही असे मी म्हणत असते. पण लिहिताना लक्षात येते आहे की थोडा आहे.

यामागचे कारण पुढे समजले, तेव्हा मात्र शरीराच्या या गोंधळाचे नवल वाटले. दात, हिरड्या, गाल, कानशील, जबडा आणि कानाचा काही भाग या सगळ्यांच्या खबरी मेंदूकडे एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्यांवरून जातात. निरोप्या एक आणि घरे अनेक, त्यामुळे आरोळी नेमकी कोणत्या घरातून आली हे ओळखताना मेंदू चुकतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जेम्स कॉस्टन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. कानात दडे, कानदुखी, चक्कर अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या काही रुग्णांचा आजार कानाचा नसून शेजारच्या जबड्याच्या सांध्याचा असावा, असे त्यांनी १९३४ मध्ये मांडले. दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि कानाजवळच्या भागावर दाब येतो, हे त्यांनी दिलेले कारण पुढे टिकले नाही. पण कानाच्या दारात उभे असलेल्या रुग्णाला शेजारचे दार दाखवणारा माणूस म्हणून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते. माझ्या कानाच्या डॉक्टरांनीही, खरे तर, जाता जाता 'जबड्याचे कुणाला तरी दाखवा' असे म्हटले होते. मी ते ऐकले नव्हते.

आण्णांच्या प्रश्नानंतर पंधरा दिवसांनी मी मुख-जबड्याच्या शल्यचिकित्सकांकडे गेले. पाटीवरचा शल्य हा शब्द वाचूनच पोटात गोळा आला होता. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा बसला होता, अंगाने तालमीतला वाटावा असा. परिचारिकेने येऊन त्याला तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. त्याने एक घातले. दुसरे शिरेना. तो कसनुसा हसला तेव्हा ओठ हलले, पण गाल जागचे हलले नाहीत. पातळ कातडे ताणून बसवल्यासारखे ते दिसत होते. गुटखा आणि मावा सोडून वर्ष झाले, असे तो न विचारताच मला सांगू लागला. सुपारीने तोंडाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचे पट्टे तयार होतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते, हे मला ऐकून माहीत होते. त्याचे तोंड बंद होण्याचा सांध्याशी संबंध नव्हता, आणि सुपारी सोडली तरी ते पट्टे मागे फिरणार नव्हते. मग परिचारिकेने मला तीच तीन बोटे घालायला सांगितली. माझी अडीच गेली. त्या मुलाने माझ्या बोटांकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला अजून आठवते, आणि आण्णांचा सुपारीचा विनोद तेव्हापासून मला पहिल्यासारखा हलका वाटलेला नाही.

डॉक्टरांनी जबड्याला हात लावण्याआधी बरेच प्रश्न विचारले, आणि त्यातले काही मला अगदी असंबद्ध वाटले. जिना चढताना जबडा दुखतो का, तेव्हा घाम येतो का, दम लागतो का? ताप, गालाला बधिरपणा, वजन घटणे, असे काही? उत्तरे लिहून झाल्यावर त्यांनी सांगितले की हृदयाचे दुखणेही कधीकधी जबड्यात येऊन बसते, म्हणून ते आधी बाजूला ठेवावे लागते. मग त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे बोटे ठेवून मला तोंड उघडायला, मिटायला सांगितले, छोट्या पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजले आणि आकडा लिहिला. ३२ मिलिमीटर. सर्वसाधारण मोठ्या माणसाचे तोंड ४० ते ५० मिलिमीटरपर्यंत उघडते. पतसंस्थेत तूट मोजण्यात आयुष्य गेलेल्या बाईला इतकी स्पष्ट तूट बघून का कोण जाणे, बरे वाटले.

सांधा समजावून देण्यासाठी त्यांनी चित्र काढले नाही. डाव्या हाताचा तळवा त्यांनी खोलगट करून उपडा धरला, त्याखाली उजव्या हाताची मूठ आणली आणि दोघांच्या मध्ये खिशातला घडी घातलेला रुमाल ठेवला. तळवा म्हणजे कवटीतली खाच, मूठ म्हणजे खालच्या जबड्याचा गोल माथा, आणि रुमाल म्हणजे दोन हाडांच्या मधली चिवट चकती. तोंड थोडे उघडते तेव्हा मूठ जागच्या जागी फिरते, बिजागरीसारखी. त्याहून जास्त उघडायचे झाले की मूठ खाचेतून पुढे सरकते, टेबलाचा खण ओढावा तशी, आणि चकतीने तिच्याबरोबर सरकायचे असते. फिरणे आणि सरकणे अशा दोन्ही गोष्टी करणारा हा सांधा उजवीकडे आणि डावीकडे असा जोडीने आहे, आणि एकाला सोडून दुसऱ्याला काही करता येत नाही. मग त्यांनी रुमाल जरा पुढे ओढून ठेवला. आता मूठ सरकताना आधी रुमालाच्या कडेला अडली, आणि टुणकन त्याच्यावर चढली. "हा तुमचा आवाज," ते म्हणाले. मिटताना मूठ पुन्हा रुमालावरून मागे घसरली. "आणि हा परतीचा, जरा हलका." पंगतीत झाले ते असे की त्या दोन मिनिटांपुरती मूठ रुमालावर चढलीच नव्हती.

मी विचारले, "मग तो रुमाल जागेवर केव्हा बसवायचा?"

"बहुतेक वेळा बसवायचा नसतो," ते म्हणाले.

नुसत्या आवाजाला, तो दुखत नसेल आणि तोंड अडत नसेल तर, काहीच उपचार लागत नाहीत. कितीतरी लोकांचे जबडे आयुष्यभर वाजत असतात. माझे दुखणे मुख्यतः सांध्याच्या आत नव्हतेच, ते जबडा चालवणाऱ्या स्नायूंत होते. त्यांनी माझ्या गालावर, कानाच्या खाली पुढच्या बाजूला, एका जागी बोट दाबले आणि मी खुर्चीतून उठायची बाकी राहिले. तिथे स्नायूत हरभऱ्याएवढी गाठ होती, आणि ती दाबली की थेट अक्कलदाढेच्या रिकाम्या जागी कळ जात होती. त्यांनी जेवणानंतर घ्यायच्या, सूज आणि वेदना कमी करणाऱ्या गोळ्या मोजक्या दिवसांसाठी लिहून दिल्या, मऊ खायला सांगितले, फिजिओथेरपिस्टचे नाव दिले आणि शस्त्रक्रिया नको असे सांगून विषय संपवला.

इथे एक कबुली द्यायला हवी. शस्त्रक्रियेच्या भीतीने रात्रभर न झोपलेली मी, ती नको म्हटल्यावर थोडी हिरमुसले. इतकी वर्षे सोसलेल्या दुखण्याला निदान नाव तरी भारदस्त हवे, उपचार तरी असा हवा की घरचे लोक डबा घेऊन भेटायला येतील. मऊ खा आणि व्यायाम करा, हे काय उत्तर झाले? डॉक्टरांना बहुधा हा चेहरा परिचयाचा असावा. त्यांनी मला सांगितले की १९८० च्या दशकात अमेरिकेत खराब झालेली चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉन असलेला कृत्रिम तुकडा बसवण्याची मोठी लाट आली होती. जबड्याच्या दाबाखाली त्या तुकड्यांचा चुरा होत गेला, शरीर त्या चुऱ्याविरुद्ध उठले आणि काही जणांचे आजूबाजूचे हाडच झिजत गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते तुकडे परत मागवावे लागले. दुखण्यासाठी गेलेल्या कित्येकांना त्याहून मोठे दुखणे घेऊन जगावे लागले. घरी आल्यावर मी टेफ्लॉनचाच थर असलेल्या निर्लेप तव्याकडे काही दिवस जरा संशयाने पाहत होते.

फिजिओथेरपिस्ट मुलगी वयाने माझ्या भाचीएवढी होती. तिने मान पाहिली, खांदे पाहिले, मी खुर्चीत कशी बसते ते पाहिले आणि मग, मी मार्चअखेरीच्या कामाचे काहीतरी सांगत असताना मध्येच थांबवून म्हणाली, "काकू, आत्ता बोलायचं थांबलात ना, आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का?" मी पाहिले. टेकले होते, आणि नुसते टेकले नव्हते. ती म्हणाली की दात एकमेकांना भेटायचे ते घास चावताना आणि गिळताना, क्षणभर. दिवसभराचा हिशोब केला तर काही मिनिटांचे काम. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मला हे खरेच माहीत नव्हते. सत्तेचाळीस वर्षे मी अशी समजूत धरून होते की तोंड मिटणे म्हणजे दात मिटणे, आणि सुटे दात हे बावळटपणाचे लक्षण. लहानपणी शाळेत 'तोंड मिट' अशी ताकीद मिळे, तेव्हा आम्ही दातांवर दात घट्ट बसवून सरळ बसत असू, ते मला तिथे टेबलावर आडवी पडलेली असताना आठवले.

त्यानंतरचे काही दिवस मी लोकांच्या जबड्यांकडे पाहण्यात घालवले. आमच्या शिवाजी पेठेतल्या घराजवळच तालीम आहे. पहाटे जोर मारून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या गालावर कानाखाली कसा फुगवटा उठतो आणि विरतो, ते मला इतक्या वर्षांत प्रथमच दिसले. चप्पल लाइनीत अंगठा तुटलेली चप्पल शिवायला दिली, तर कारागीर चामड्याच्या वादीचे एक टोक दातांत धरून दोन्ही हातांनी वेणी ओढत होता आणि ओढ वाढेल तसे त्याच्या कानशिलावरची शीर टरारत होती. त्याला दुखते का, असे विचारण्याचा मोह झाला, पण अनोळखी माणसाला असे विचारणे बरे दिसले नसते. दुचाकीवरून दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला थांबलेले लोक पाहावेत. शिरस्त्राणाच्या काचेमागे निम्मे जबडे आवळलेले असतात.

आपली भाषा याबाबतीत फार आधीपासून जागी आहे. आपण रागाने दात-ओठ खातो, दात आवळून सोसतो, आणि अगदीच गडबडलो की दातखीळ बसते. दातखीळ हा शब्द मूळचा धनुर्वातात मिटून बसणाऱ्या जबड्याचा, पण आपण तो बोलती बंद होण्यासाठी वापरत आलो. या साऱ्यावरून सहज असे म्हणता येईल की गिळलेला राग जबड्यात साठतो आणि बायका तो जास्त गिळतात म्हणून हे दुखणे त्यांच्यात जास्त दिसते. ते बायकांमध्ये जास्त दिसते हे खरे आहे. पण ही जोडणी मला फार सोपी वाटते, आणि सोप्या जोडण्यांवर माझा विश्वास कमी आहे; अक्कलदाढेची जोडणीही सोपीच होती.

माझी आई रात्री दात खायची. आम्ही भावंडे तिच्या दोन्ही अंगांना झोपत असू, आणि मध्यरात्री केव्हातरी जात्यात खडा यावा तसा करकर आवाज सुरू व्हायचा. पोरांपैकी कुणी दात खाल्ले तर आजी जंत झाले म्हणून वावडिंग द्यायची. आईने खाल्ले तर कुणी काही म्हणत नसे. सकाळी ती पदराच्या टोकाची घडी करायची, चुलीवरच्या तव्यावर धरायची आणि कानाखाली लावायची, मग दुसरी बाजू. अकरा माणसांचा स्वयंपाक, सासूचे करडे बोलणे, वडिलांची अबोल स्वारी, हे सगळे मी तिच्या दातांशी जोडून एक करुण गोष्ट रचली होती, आणि ती डॉक्टरांना सांगितलीही. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले की झोपेतले दात खाणे हे झोप क्षणभर चाळवते त्याच्याशी बांधलेले असते, ताणाने ते वाढू शकते, पण ज्यांना काहीच ताण नाही अशीही माणसे दात खातात. माझी गोष्ट थोडी फाटली. आईला विचारावे तर ती आता नाही. ती दुःखी होती की तिची झोप चाळवत होती, हे ठरवण्याचा अधिकार मला कुणी दिला होता, असेही त्यानंतर वाटत राहिले. मात्र शेकाचे तिला कुणी सांगितले नव्हते आणि तो बरोबर होता.

तोच शेक माझ्या उपचारातला पहिला भाग झाला, पदराऐवजी ओल्या गरम टॉवेलचा, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे. दुसरा भाग जेवणाचा, आणि कोल्हापुरात तो सगळ्यात अवघड. सहा आठवडे मटण बंद, ऊस बंद, कडक पापुद्र्याची भाकरी बंद, आणि जेवणानंतरची सुपारी बंद. हंगाम ऐन भरात होता. रस्त्यावरून उसाने लादलेले ट्रॅक्टर जात, पोरे मागून कांडी ओढत, आणि दातांनी ऊस सोलण्यात एके काळी भावांना हरवलेली मी भाताच्या पेजेचा वाडगा घेऊन खिडकीत बसत असे. घरच्यांनी मोठ्या मनाने तोडगा काढला की पांढरा रस्सा प्यायला दात लागत नाहीत. तेवढ्यावर मी तो फाल्गुन काढला.

व्यायाम करताना मला स्वतःचेच हसू यायचे. आरशावर साबणाच्या वडीने एक उभी रेघ ओढायची, नाक आणि हनुवटी त्या रेघेवर ठेवायची, 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती ठेवून द्यायची आणि जीभ न सोडता तोंड सावकाश उघडायचे. माझी हनुवटी अर्ध्या वाटेवर डावीकडे झुकायची आणि मग खट्याळ पोरासारखी परत रेघेवर यायची. असे सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. शिवाय गालावरच्या गाठीवर बोटांनी गोल मालिश, मान मागे घेण्याचा व्यायाम आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरणे. पूर्वी जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवायची पद्धत होती. मी आता दोन्ही करते, त्यामुळे पाहणाऱ्याला मी जरा विचित्र दिसत असणार. कार्यालयातला संगणक डोळ्यांच्या पातळीला यावा म्हणून त्याखाली दोन जुन्या खतावण्या ठेवल्या आहेत, महापुरात माळ्यावर चढवलेल्यांपैकी.

रात्री दातांवर घालायची पारदर्शक पट्टीही माझ्याकडे आहे. तिच्यासाठी गुलाबी, पुदिन्याच्या चवीच्या लगद्यात दात रुतवून माप घेतले होते. दोन महिन्यांत तिच्या डाव्या दाढांच्या जागी नखाने जाणवतील असे खड्डे पडले. ते पाहून मी ओशाळले. कुणीतरी रात्री माझ्या घरात येऊन काहीतरी कुरतडून गेल्याचा तो पुरावा होता, आणि ते कुणीतरी मीच होते. मुलाने फोनवर शोधून मला वाचून दाखवले की २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडादुखीविषयी तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या आहेत, आणि त्यांचा जोर जबड्याच्या व्यायामावर, हाताने केलेल्या उपचारांवर, समजावून सांगण्यावर आणि विचार-वर्तनाच्या उपचारांवर आहे. अशा पट्ट्यांबाबत त्यांचा कल नकाराकडेच आहे. मी डॉक्टरांना तेही विचारले. ते म्हणाले, पट्टी सांधा बरा करत नाही, ती दातांची झीज वाचवते, आणि नको वाटली तर काढून ठेवता येते. जे परत फिरवता येत नाही, म्हणजे दात घासून चाव बदलणे वगैरे, त्याला मात्र कुणी सुचवले तरी हो म्हणू नका. मी पट्टी वापरते. तिची डबी उशाशी असली की झोप लागते, यात औषध किती आणि सवय किती ते मला सांगता येत नाही.

सगळ्यात कठीण होते ते दात सुटे ठेवणे. ते एकदा ठरवून होत नाही, दिवसातून शंभर वेळा आठवावे लागते. फिजिओथेरपिस्टने खूण म्हणून काहीतरी रंगीत चिकटवायला सांगितले होते, म्हणून मी टिकल्या वापरल्या. एक लाल टिकली संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात, एक फ्रिजवर, एक गाडीच्या आरशाला. टिकली दिसली की दात कुठे आहेत ते पाहायचे. पहिल्या आठवड्यात ते दर वेळी टेकलेलेच सापडले. रक्कम मोजताना, सही जुळवून पाहताना, हप्ता थकलेल्या सभासदाशी गोड बोलताना, इतकेच काय, देवापुढे निरांजन लावतानाही. देवापुढे दात आवळून उभी राहणारी बाई नक्की काय मागत असेल, असे मनात येऊन मी एकदा एकटीच हसले. मार्चअखेर मात्र टिकल्यांना जुमानली नाही. तीस तारखेला मी पुन्हा कानशील धरून बसले होते. मग चैत्रात उतार पडला, वैशाखात सकाळी तोंड हलके वाटू लागले, आणि जूनमध्ये डॉक्टरांच्या मोजपट्टीवर आकडा ४१ आला. ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे संदेश फोनवर येऊ लागले तसे दुखणे आठवडाभर परत आले आणि पाण्याबरोबर ओसरले. आता ते असे येऊन जाते. त्याच्या येण्याची मला पूर्वीइतकी भीती वाटत नाही, पण ते गेले असे म्हणण्याचे धाडसही होत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत कार्यालयातल्या शिपाईमामांनी पडदा पुसताना ती टिकली काढून टाकली. मला ते चौथ्या दिवशी लक्षात आले. दात तेव्हा टेकलेले होते.

परवा गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, पुन्हा त्याच मळ्यावर जेवण होते. आण्णा वर्षभरात वाकले आहेत, आता त्यांना खाली बसवत नाही, त्यामुळे पंगतीच्या टोकाला त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती आणि मी त्यांच्या पायाशी बसले होते. मटणाचे तुकडे मी बोटांनी बारीक केले आणि सावकाश, दोन्ही बाजूंनी चावत खाल्ले. तिसऱ्या की चौथ्या घासाला कट् झाले. मी वर पाहिले. आण्णा ताटात बघत होते, पण त्यांच्या मिशा हलल्या.

"वाजतंय की अजून," ते म्हणाले.

"वाजतंय, पण दुखत नाही," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, वाजू दे."

आण्णांनी यावर थोडा विचार केला. मग उजवा पाय लांब केला आणि परत घेतला, तशी गुडघ्यातून करकर झालेली मला खाली बसूनही स्पष्ट ऐकू आली. "हे चाळीस वर्सं वाजतंय," ते म्हणाले, आणि पांढरा घेऊन चाललेल्या पोराला थांबवण्यासाठी त्यांनी वाटी पुढे धरली.